उताऱ्याखालचे प्रश्न

परीक्षेचे दिवस जवळ आले, की आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात संध्याकाळी अभ्यासिका भरते. सहावी ते आठवीची मुले येतात, बहुतेक मराठी माध्यमाची. गणित आणि विज्ञान शिकविण्यास गावातील दोन तरुण येतात; इंग्रजी माझ्याकडे असते. सेमिनरीत आमचे सारे शिक्षण इंग्रजीतून झाले, तेव्हा फादरांना इंग्रजी येणारच, असे गावाने गृहीत धरले आहे. इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत पूर्वी न वाचलेला एक उतारा असतो व त्याखाली पाच-सहा प्रश्न असतात. मुले त्याला नुसते 'अनसीन' म्हणतात. या 'अनसीन'चे गुण पदरात पाडून घेण्याची एक युक्ती मी कित्येक वर्षे शिकवीत आलो. आधी प्रश्न वाचावा, त्यातला ठळक शब्द हेरावा, तो शब्द उताऱ्यात कोठे आहे ते पाहावे आणि तेथले वाक्य जसेच्या तसे उतरवून काढावे. युक्ती चालते, यात शंका नाही. उताऱ्याचा अर्थ मुळीच न कळलेला मुलगाही तिच्या बळावर निम्म्याहून अधिक गुण मिळवतो, आणि पालक खूश होतात.

काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासिकेत सातवीतला एक मुलगा होता. या युक्तीत तो इतका तरबेज, की उताऱ्याचे त्याला पैकीच्या पैकी गुण पडत. त्याचे वडील बोटीवर नोकरीला. एकदा कंपनीच्या कचेरीतून घरी इंग्रजीत पत्र आले. आई आजारी होती, म्हणून आजीने ते नातवाकडे दिले. त्याने मी शिकविल्याप्रमाणेच वाचले. 'फॉर्म' हा शब्द सापडला, तारीख सापडली. अमुक तारखेच्या आत फॉर्म दिला नाही तर पैसे थांबतील, असे त्याने आजीला सांगितले. बिचारी आजी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून मुंबईला गेली, दिवसभर कचेरीच्या बाकावर बसली, आणि संध्याकाळी तिला कळले, की फॉर्म केव्हाच पोहोचला होता व तिने येण्याचे काहीच कारण नव्हते. रात्री पत्र माझ्याकडे आले. वाक्याच्या मध्यावर 'अनलेस' हा शब्द होता. फॉर्म आधीच मिळाला असल्यास ही सूचना आपल्याला लागू नाही, असे त्याच वाक्याचा उरलेला भाग स्पष्ट सांगत होता. मुलाने तो भाग पाहिला होता, वाचला नव्हता. मला त्याला रागावण्याचा अधिकार नव्हता, कारण असे पाहणे त्याला मीच शिकविले होते.

तेव्हापासून उतारा आणि त्याखालचे प्रश्न हा प्रकार आला कोठून, याचा शोध घेण्याचे मी मनावर घेतले. वाचता वाचता चार शतके मागे जावे लागले.

येशूसंघाची शाळा चालविण्याची नियमावली 'रातिओ स्तुदिओरुम' या नावाने प्रसिद्ध आहे. १५८६ व १५९१ साली तिचे मसुदे झाले, आणि संघप्रमुख क्लॉडिओ अक्वाविवा यांच्या काळात १५९९ साली ती कायम झाली. ती संघाच्या सर्व विद्यालयांसाठी होती. गोव्याचे सेंट पॉल कॉलेज किंवा वसईच्या किल्ल्यातील ज्या विद्यालयाचे आज केवळ भग्नावशेष उरले आहेत ते विद्यालय, ही तिच्याच छायेतली. तेथे इंग्रजीचे नावही नव्हते. शिकायची भाषा लॅटिन. तरीही परकी भाषा, अजाण वयाची मुले आणि वर्षअखेरीची परीक्षा, हे सारे तेव्हाही होतेच.

खालच्या व्याकरणवर्गांतील मुलांसाठी या नियमावलीत 'प्रेलेक्तिओ' नावाची पद्धत सांगितली आहे. शब्दशः अर्थ घ्यायचा तर 'आधीचे वाचन'. शिक्षकाने सिसरोच्या एखाद्या पत्रातील उतारा घ्यावा आणि फार लांब नसेल तर प्रथम तो सबंध, न थांबता वाचावा. मग त्यात काय म्हटले आहे ते अगदी थोडक्यात सांगावे, मागच्या भागाशी त्याचा दुवा जोडून द्यावा. त्यानंतर एकेक वाक्य घेऊन त्यातले अवघड ते उकलावे, एका वाक्याचा दुसऱ्याशी संबंध दाखवावा. लहान वर्गांत हे मुलांच्या मातृभाषेतून करण्यासही मोकळीक होती. भाषेच्या खाचाखोचा आणि टिपणे यांना शेवटचे स्थान. हा क्रम मला फार बोलका वाटतो. आपल्याकडे पुष्कळ वर्गांत बरोबर उलटा क्रम चालतो. आधी फळ्यावर कठीण शब्दांचे अर्थ, मग व्याकरण, आणि सबंध उतारा शेवटी, वेळ उरला तर.

याच नियमावलीत परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. परीक्षा लॅटिनमधून लिहिण्याची असे, उतारा वाचून उत्तरे देण्याची नव्हे. परंतु परीक्षेला सामोरे कसे जावे याविषयीचा इतका बारकाईचा जुना मजकूर माझ्या तरी वाचनात दुसरा आलेला नाही. लेखनसाहित्य बरोबर आणावे, म्हणजे कोणाकडे मागण्याची वेळ येणार नाही. शेजाऱ्यापासून सावध राहावे, कारण दोन उत्तरे सारखी निघाली तर दोघांवरही संशय घेतला जाईल. बाहेर जाण्याची परवानगी मिळालीच तर लिहिलेले सारे पर्यवेक्षकाजवळ ठेवून जावे. लिहून झाल्यावर जागेवर बसूनच ते तपासावे, सुधारावे. एकदा कागद दिल्यावर त्यात अक्षरही बदलता येणार नाही. कागदाची घडी घालून मागच्या बाजूस आपले नाव लॅटिनमध्ये लिहावे. दिलेल्या वेळेत लिखाण पुरे झाले नाही तर असेल तसे द्यावे लागेल. म्हणून लिहायला किती वेळ, पक्के उतरवायला किती आणि तपासायला किती, हे प्रत्येकाने आधीच जाणून असावे. आमच्या अभ्यासिकेतल्या भिंतीवर हा शेवटचा नियम मी मराठीत लिहून लावला आहे. तो कोणी केला हे मुलांना सांगितलेले नाही.

त्यातले दोन नियम मात्र वाचताना मला आजीच्या त्या पत्राची आठवण झाली. लिखाणात दुहेरी अर्थाचे काही आढळले तर त्याचा प्रतिकूल अर्थच धरला जाईल, असे एक कलम म्हणते. दुसरे म्हणते, की अडचण चुकविण्यासाठी शब्द गाळले किंवा घाईने बदलले, तर ती चूकच मानली जाईल. म्हणजे अवघड जागेला वळसा घालून पुढे जाणे ही हुशारी नव्हे, असे त्या काळच्या दहा-बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षेपूर्वीच बजावलेले असे. आपली युक्ती नेमका हा वळसाच शिकवते.

वसईचा किल्ला १७३९ साली पडला, १७७३ साली येशूसंघच विसर्जित झाला, आणि १८१४ साली त्याची पुन्हा स्थापना होईपर्यंत जग बदललेले होते. हिंदुस्थानात इंग्रजी आली ती दुसऱ्याच वाटेने. १८५४ सालच्या वुडच्या खलित्यानंतर १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. त्या वेळी उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. रानड्यांसारख्यांनी इंग्रजी ग्रंथ पचविले. इतरांनी ते पाठ केले. नेमलेली पुस्तके ठरलेली, त्यांवर 'की' आणि 'गाईड' निघालेली, तेव्हा समजून घेण्याची गरज कोणाला होती? लॉर्ड कर्झनच्या काळात १९०२ साली विद्यापीठ आयोग बसला, त्यानेही हेच दुखणे ओळखले. शिकविण्यासाठी परीक्षा असायची, तर येथे परीक्षेसाठीच शिकविणे चालले आहे, हे या देशातील उच्चशिक्षणाचे सर्वांत मोठे वैगुण्य आहे, अशा आशयाचा अभिप्राय आयोगाने दिला. न पाहिलेल्या उताऱ्याचा उपयोग येथे ध्यानात येतो. जो उतारा आधी पाहिलाच नाही तो पाठ कसा करणार? घोकंपट्टीवरचा तो उतारा होता, असे म्हटले तर शब्दखेळाबद्दल वाचक क्षमा करतील.

परंतु आज मुलांपुढे जो छापील उतारा आणि चार पर्याय येतात, त्यांचा जन्म अमेरिकेतला. कॅन्सस राज्यातील फ्रेडरिक केली या शिक्षणतज्ज्ञाने शिक्षकांच्या गुणदानाचा अभ्यास केला होता. एकाच उत्तरपत्रिकेला एक शिक्षक किती देतो व दुसरा किती, यात फार तफावत पडते, ही त्याची तक्रार. त्यावर उपाय म्हणून १९१५ च्या सुमारास त्याने 'कॅन्सस मूकवाचन चाचणी' तयार केली. सहावी, सातवी व आठवीसाठी तिचा एक स्वतंत्र भाग होता. दिलेल्या शब्दांपैकी बरोबर शब्दाभोवती रेघ ओढायची, आणि वेळ अवघी पाच मिनिटे! तपासणाऱ्याच्या मर्जीला वावच उरला नाही. पर्यायी उत्तरांच्या आजच्या परीक्षांची ही आद्य पणजी. पुढे १९३८ साली पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते या गुणाचा उपयोग करून उत्तरे मोजणारे यंत्र बाजारात आले, आणि माणसाने उत्तरपत्रिका वाचण्याचीही गरज संपली. केलीचा हेतू न्याय्य होता, हे मान्य केले पाहिजे. गरिबाच्या मुलाला शिक्षकाच्या लहरीपासून संरक्षण मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. पण पाच मिनिटांत मुलाने वाचले की नुसते हेरले, हे त्या रेघेवरून कळणार कसे?

या प्रश्नाला भिडणारा निबंध दोनच वर्षांनी, १९१७ साली, प्रसिद्ध झाला. लेखक न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक. त्याने शाळकरी मुलांपुढे चार-पाच ओळींचा एक साधा उतारा ठेवला. फ्रँकलिन नावाच्या गावी सात ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाने शाळा भरेल त्या प्रत्येक दिवशी हजर राहिले पाहिजे; मात्र मूल फार आजारी असेल, घरात कोणाला संसर्गजन्य रोग झाला असेल किंवा रस्ते जाण्याजोगे नसतील तर गोष्ट वेगळी, एवढाच त्याचा आशय. मूळ इंग्रजीत ही 'मात्र'ची जागा 'अनलेस' या शब्दाने घेतली आहे. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. आमच्या आजीला मुंबईची फेरी घडविणारा शब्द शंभर वर्षांपूर्वीच प्रयोगशाळेत जाऊन आला होता.

थॉर्नडाइकने प्रश्न विचारले ते सोपेच. उताऱ्याचा सर्वसाधारण विषय काय? दहा वर्षांच्या मुलीने कोणत्या दिवशी शाळेत येण्याची अपेक्षा नाही? उत्तरे चमत्कारिक आली. उतारा समोर उघडा असूनही सहावीच्या कित्येकांना त्याचा विषय सांगता आला नाही. कोणी नुसते गावाचे नाव लिहिले. कोणाला फ्रँकलिन म्हटल्याबरोबर बेंजामिन फ्रँकलिन आठवला, आणि उत्तरात थोर संशोधक अवतरला. थॉर्नडाइकने या चुकांना हसण्यावारी नेले नाही. त्याने एकेक चूक निरखून तिचे कारण लावले. वाक्यातला प्रत्येक शब्द आपापला अर्थ घेऊन मनावर चाल करून येतो. वाचणाऱ्याने त्यांतल्या प्रत्येकाला त्याच्या योग्यतेइतकेच वजन द्यायचे असते. 'फ्रँकलिन' हा शब्द जड झाला, 'अनलेस' हलका पडला, की अर्थाचा तराजू कलंडतो. गणित सोडविताना जशी आकड्यांची निवड व जुळणी करावी लागते, तशीच ती परिच्छेद वाचतानाही करावी लागते. वाचन म्हणजे विचारच होय, असा त्याचा निष्कर्ष. इतिहास-भूगोलात नापास होणारी कित्येक मुले विसरल्यामुळे नव्हे, तर वाचले तेव्हाच न समजल्यामुळे नापास होतात, असेही त्याने सुचविले.

येथे माझ्या युक्तीलाही न्याय दिला पाहिजे. मोठ्याने वाचून घेण्यापेक्षा, दिलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मुलांना मनात वाचू द्यावे, वाचलेल्याचा सारांश सांगू द्यावा, अशी शिफारस थॉर्नडाइकनेच केली आहे. प्रश्न आधी वाचणे हा दोष नव्हे. त्यामुळे वाचनाला दिशा मिळते. दोष पुढच्या पायरीत आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात भेटला, की मूल तेथे थांबते. म्हणजे एकाच शब्दाला सगळे वजन देण्याची जी खोड थॉर्नडाइकने चूक म्हणून नोंदविली, तीच आम्ही शिकवणीत रीत म्हणून पक्की करून देतो. मीही तेच केले होते.

या सर्व इतिहासात मला सर्वांत जवळचा वाटला तो मायकेल वेस्ट. हा इंग्रज गृहस्थ १९१२ साली हिंदुस्थानच्या शिक्षणखात्यात दाखल झाला आणि पुढे ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. १९२६ साली त्याने बंगालमधील द्वैभाषिकतेवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. बंगाली मुलाला इंग्रजीची गरज मुख्यतः कशासाठी, असा रोखठोक प्रश्न त्याने केला, आणि त्याचे उत्तर होते वाचण्यासाठी. बोलण्यासाठी त्याची मातृभाषा समर्थ आहे. ज्ञानाच्या ज्या पुस्तकांना तिच्यात अजून तोटा आहे ती वाचता आली पाहिजेत. याच ओघात त्याने विमा कंपन्यांच्या बोलीतला एक शब्द शिक्षणात आणला, 'सरेंडर व्हॅल्यू'. आयुर्विम्याची पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात काय पडते, हे आपल्या घरांतून वेगळे सांगायला नको. वेस्ट म्हणे, शाळेत दाखल होणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ मध्येच शाळा सोडतात. त्या मुलाने दोन वर्षे इंग्रजी शिकून ते सोडले, तर त्याच्या पदरात काय उरते? संभाषणाचे अर्धेमुर्धे धडे असतील तर काहीच नाही. पण थोडे का होईना, स्वतंत्रपणे वाचता येऊ लागले असेल, तर ते त्याला पुढे वाढविता येते.

मग वेस्टने तशी पुस्तके लिहिली. जुन्या क्रमिक पुस्तकांत दोन दोष त्याला दिसले. रोजच्या वापरात नसलेले कवितेतले शब्द त्यांत भरलेले असत, आणि नवे शब्द एकेका पानावर इतके कोंबलेले, की मूल पहिल्या ओळीतच गळाठून जावे. वेस्टने दुर्मीळ शब्द काढून रोजचे घातले, आणि नवे शब्द विरळ पेरले, म्हणजे ओळखीच्या शब्दांच्या आधाराने अनोळखी शब्दाचा अर्थ लावता यावा. त्याने १९५३ साली प्रसिद्ध केलेली इंग्रजीतील सामान्य उपयोगाच्या शब्दांची यादी आजही अभ्यासक वापरतात. वेस्ट हा साम्राज्याचा नोकर होता, आणि हिंदी मुलाने इंग्रजी फक्त वाचावी, बोलू नये, या त्याच्या मताला तेव्हाही विरोध झाला. आज मुंबईत नोकरी शोधणाऱ्या मुलाला तर ते पटणारच नाही. मलाही ते सगळे पटत नाही. पण सरेंडर व्हॅल्यूचा हिशोब मात्र मनातून जात नाही. आमच्या अभ्यासिकेतल्या त्या मुलाची पॉलिसी पुरी भरलेली होती, गुण पैकीच्या पैकी होते, आणि घरी एक पत्र आले तेव्हा हातात शून्य पडले.

अलीकडच्या संशोधनाविषयी दोनच गोष्टी सांगतो. अ‍ॅनमेरी पॅलिंक्सार आणि अ‍ॅन ब्राउन या दोघी विदुषींनी १९८४ साली अमेरिकेतील सातवीच्या मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ही मुले अक्षरे घडाघडा वाचत, पण त्यांना अर्थ लागत नसे. लहान गटात बसून मुलांनी आळीपाळीने शिक्षक व्हायचे. परिच्छेद वाचून त्यावर प्रश्न काढायचा, सारांश सांगायचा, जेथे अडले ते उलगडायचे, आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा, एवढीच रीत होती. काही आठवड्यांत मुलांच्या आकलनात मोठी वाढ दिसली. दुसरा प्रयोग १९८८ सालचा. डोना रेक्ट व लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण खेळाची जाणकार मुले, वाचनात हुशार पण खेळाबाबत अनभिज्ञ असलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. आमच्या किनाऱ्यावरच्या मुलांना बर्फावरच्या घसरगाडीचा उतारा येतो तेव्हा ती का अडखळतात आणि मासेमारीचा आला तर का सुटतात, हे यावरून कळते. नुसत्या क्लृप्त्या कितीही शिकवा, जगाची माहिती नसेल तर त्या तोकड्या पडतात. म्हणून हल्ली आम्ही इंग्रजीच्या तासाला अधूनमधून मराठी वर्तमानपत्रही वाचतो. काही पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. त्यांनी तसे मला सांगितलेही आहे.

अभ्यासिकेतली रीत आता थोडी बदलली आहे. उतारा प्रथम सबंध वाचायचा, दोनदा. मग वही मिटून त्यात काय आहे ते मराठीत एका वाक्यात शेजाऱ्याला सांगायचे. त्यानंतर प्रश्न. उत्तराचे वाक्य सापडले, तरी त्याच्या मागचे एक आणि पुढचे एक वाक्य वाचल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. 'बट', 'इफ', 'एक्सेप्ट', 'अनलेस' असले छोटे शब्द दिसले, की त्यांच्याभोवती गोल काढायचा. चार पर्याय असतील तर बरोबर वाटतो त्याच्यावर खूण करून मोकळे न होता, उरलेले तीन का चुकीचे ते मनाशी म्हणायचे. शेवटची पाच मिनिटे तपासायला राखायची, तो जुना भिंतीवरचा नियम. सुरुवातीला मुलांचे गुण घटले. वेळ पुरेना. दोन पालकांनी मुले दुसऱ्या शिकवणीला घातली, त्यांचा मला राग नाही. वर्षअखेरपर्यंत बाकीच्यांचे गुण पूर्वीइतके झाले. त्याहून फार वाढले, असे मात्र सांगता येणार नाही.

तो मुलगा आता महाविद्यालयात आहे. परवा त्यांच्या घरी कंपनीचे आणखी एक पत्र आले. ते घेऊन तो संध्याकाळी माझ्याकडे आला. आजीला काही सांगण्याआधी त्याने ते दोनदा वाचले होते, पेन्सिलीने गोल काढले होते. 'अनलेस' कोठेही नव्हता. तिसऱ्या ओळीत 'नॉटविदस्टँडिंग' होता, आणि त्याभोवतीचा गोल सर्वांत मोठा होता. "फादर, याचे वजन किती धरायचे?" त्याने विचारले. मी चष्मा लावला आणि ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतले.